गाव म्हणजे ठिपका नव्हे

‘आमच्या वस्तीवर रेंज नाही’ ही तक्रार जिल्हा बैठकांना नवी नाही. कांद्याचा भाव, विजेचे बिल, बँकेची नोटीस असे सगळे विषय झाले की शेवटी कुणीतरी उठतो आणि टॉवरचे काढतो. बैठक ऐकून घेते. निवेदन लिहिले जाते, कचेरीत त्याला पोच मिळते आणि पोचेपलीकडे काही मिळत नाही. ‘तुमचे गाव कव्हर झालेले आहे’ एवढे उत्तर आले की निवेदन देणाऱ्याची बोलती बंद होते. कारण उत्तर देणाऱ्याच्या हातात नकाशा असतो आणि विचारणाऱ्याच्या हातात नुसते गाऱ्हाणे. हे बदलायचे असेल तर नकाशा आपल्याही हातात हवा. येत्या जिल्हा बैठकांपुढे आम्ही हा विषय ठेवत आहोत.

रेंज ही पोरांची चैन आहे असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी शेतकऱ्याचा अलीकडचा हंगाम आठवावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. पिकाची नोंद तलाठ्याच्या वहीतून शेतकऱ्याच्या फोनवर गेली. शेतात उभे राहायचे, फोनला जागा ओळखू द्यायची, पिकाचा फोटो काढायचा आणि माहिती वर चढवायची. माहिती चढली नाही तर सातबाऱ्यावर पीक नाही. आणि सातबाऱ्यावर पीक नाही तर विमा, नुकसानभरपाई, हमीभावाचे केंद्र या सगळ्याच दारांना कुलूप. २०२३ आणि २०२४ च्या खरिपात, एक रुपयात पीक विम्याच्या दिवसांत, गारपिटीने किंवा पाणी साचून पीक गेले की ७२ तासांच्या आत कळवावे लागे. ओढ्याला पूर, वीज गेलेली, फोन मुका. कंपनीचे घड्याळ तेवढे चालू. पीएम-किसानची ओळखपडताळणी फोनवर, रेशनचे धान्य अंगठ्याच्या मशीनवर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपास वीज कोसळण्याचा इशारा देते. तो इशारा हवा असतो उघड्या रानात औत धरलेल्या माणसाला, आणि रेंज असते गावठाणातल्या पारावर. सरकारने आपली कचेरी फोनमध्ये बसवली. त्या कचेरीपर्यंतचा रस्ता मात्र केला नाही.

रस्ता केला नाही असे म्हटले की आकडे अंगावर फेकले जातात. आकडे खरे आहेत. चूक मोजणीच्या रीतीत आहे, आणि ही रीत जुनी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत देशातल्या सर्व गावांत टेलिफोन नेण्याचे ठरवले. गावात टेलिफोन म्हणजे काय? पंचायतीत किंवा एखाद्या दुकानात एक सार्वजनिक डबा. तो बसला की यादीतल्या गावापुढे बरोबरची खूण. त्यातले रेडिओवर चालणारे डबे इतके मुके पडत की पुढे लाखावर संच बदलावे लागले; पण खूण झाली ती झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली, तिचेच पुढे भारतनेट झाले. तिथेही हिशेब तोच. पंचायतीच्या कपाटातल्या पेटीचा हिरवा दिवा लागला की पंचायत ‘सेवेस तयार’. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार, गावे ४३ हजारांवर. वाड्या, वस्त्या, पाडे, तांडे यांची तर गणतीच निराळी. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच राज्यांतली ७,२८७ गावे मोबाईल सेवेसाठी निवडली गेली, त्यात महाराष्ट्रातली ६१० होती. जुलै २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० रेंजविना गावांना ४जी देण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर झाले. या सगळ्या याद्यांत गाव म्हणजे एक ओळ, आणि नकाशावर एक ठिपका.

ठिपक्यात गाव मावत नाही. माण, खटाव, सांगोल्याकडे बरीच माणसे गावठाणात राहतच नाहीत. ती आपापल्या विहिरीवर, वस्तीवर राहतात. सह्याद्रीत एकाच गावाच्या वाड्या डोंगराच्या दोन अंगांना असतात. अक्राणी-अक्कलकुव्याचा पाडा म्हणजे टेकडीटेकडीवर विखुरलेली घरे. टॉवरच्या लहरीला महसुली गावाची शीव कळत नाही. तिला समोरचा डोंगर कळतो, अंतर कळते आणि झाडी कळते. गावठाणात चार काड्या आणि दीड किलोमीटरवरच्या वस्तीवर शून्य, ही स्थिती म्हणूनच नेहमीची. पण ठिपका झाकला गेला की अधिकाऱ्याच्या लेखी साऱ्या शिवाराला रेंज आलेली असते.

नकाशा कोण काढतो आणि कशासाठी काढतो, यावर त्यात काय दिसणार हे ठरते. आपल्या मुलखात शेताची शास्त्रशुद्ध मोजणी रुजली ती १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातून. हेतू एकच, सारा ठरवून वसूल करणे. म्हणून त्या कागदांत जमिनीची प्रत चोख आहे, आकार चोख आहे. माणूस कुठे राहतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. अलीकडचे उदाहरण घ्या. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेखाली देशभर गावठाणे मोजली जाऊ लागली. घराचा कागद हातात येतो हे चांगलेच आहे. पण त्या ड्रोनचे कामही गावठाणाच्या हद्दीवर संपते. हद्दीबाहेर वस्तीवर राहणारा शेतकरी याही नकाशात नाही.

मग आपला नकाशा आपण का काढत नाही? बरीच वर्षे याचे उत्तर होते, काढू देत नाहीत म्हणून. लायसेन्स-परमिट राज नुसते साखर, सिमेंट आणि धान्यावर नव्हते, नकाशावरही होते. बारकाईचा नकाशा करायचा तर परवानगी, प्रसिद्ध करायचा तर परवानगी. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने भारतीय व्यक्ती आणि संस्थांसाठी ही आगाऊ मंजुरीची अट उठवली. थोडी संवेदनशील ठिकाणे सोडली तर आज कोणतेही गाव आपल्या शिवाराचा नकाशा स्वतः काढू शकते. शहरातल्या कंपन्यांनी या मोकळिकीचा फायदा दुसऱ्या दिवसापासून घेतला. शेतकऱ्याच्या कानावर ती बातमी अजून नीट गेलेली नाही.

कच्चा मालही फुकट आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारी नकाशे संगणकावर विनामूल्य मिळतात. गटांचे नकाशे भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. अमेरिकेच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, ती माहिती आज सर्वांना खुली आहे. इस्रोच्या ‘भुवन’वरही आपल्या उपग्रहाने मोजलेल्या उंचीची माहिती मिळते. हे सगळे एकावर एक ठेवून पाहणारे क्यूजीआयएस नावाचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कृषी किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारे आपलेच एखादे पोरगे ते आठवड्यात शिकते.

आणखी एक हत्यार नव्याने हाती आले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांत सर्व मोबाईल कंपन्यांना आपली रेंज कुठे आहे याचा नकाशा संकेतस्थळावर लावायला सांगितले आणि एप्रिल २०२५ पासून हे नकाशे लोकांना पाहता येऊ लागले. म्हणजे कंपनीने आपला दावा रंगवून चव्हाट्यावर मांडला आहे. हा रंग टॉवरची जागा, उंची आणि ताकद यांवरून गणिताने भरता येतो. त्यासाठी प्रत्येक बांधावर माणूस जावा लागत नाही. आपल्या बांधावर आपण जाऊ शकतो. कंपनीचा रंग आणि आपली मोजणी शेजारी शेजारी ठेवली की गाऱ्हाण्याचा पुरावा होतो.

मोजणीची रीत सोपी आहे. फोनवरच्या काड्यांवर विसंबू नये. एका फोनच्या तीन काड्या दुसऱ्याच्या एका काडीएवढ्या असू शकतात. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा खरा आकडा असतो. तो उणे असतो. ४जी मध्ये उणे ८५ ते ९५ असेल तर ठीक चालते. उणे ११० च्या पुढे गेला की बोलणे तुटते आणि फोटो चढत नाही. गावात ज्या कंपन्यांची सिमे चालतात, त्या प्रत्येकीचा एक फोन घ्यावा. दोन-तीन पोरांनी प्रत्येक वाडी, वस्ती, पाणंद, शाळा, दूध संकलन केंद्र, रेशन दुकान, उपकेंद्र येथे उभे राहून आकडा, वेळ आणि जागा लिहावी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नियामक प्राधिकरणाचे ‘मायस्पीड’ ॲप वेगही मोजते आणि ती नोंद प्राधिकरणाकडे जाते. वीज गेल्यावर टॉवर किती वेळ तग धरतो तेही लिहावे. रेंज आहे पण बॅटरी मेलेली, असा टॉवर भारनियमनाच्या दिवसांत नुसता लोखंडाचा सांगाडा.

दुसरा थर मागणीचा. कोणत्या वस्तीवर किती घरे, किती फोन, दूध किती, मोबाईल स्टार्टरवर चालणाऱ्या मोटारी किती, कॉलेजला जाणारी मुले किती. हा थर आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. कंपनी वाडीवर येत नाही ती दुष्टपणाने नव्हे. तिला तिथे गिऱ्हाईक दिसत नाही. बाजारात माल दाखवल्याशिवाय बोली लागत नाही. भारतनेटच्या सुधारित योजनेला ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले, त्यात पंचायतीचे ठिकाण नसलेल्या ३ लाख ८० हजार गावांना जोडणी द्यायची आहे ती मागणी आल्यावर. मागणी करायची तर ती कशी मांडणार? ‘मेहेरबान साहेबांस विनंती की’ अशी, की वस्तीवार आकड्यांसह, ग्रामसभेच्या ठरावासह?

तिसरा थर उंचीचा. लहर सरळ रेषेत जाते. टेकडी, देवळाचे शिखर, पाण्याची टाकी यांपैकी कुठून कोणती वस्ती दिसते हे उंचीच्या माहितीवरून घरबसल्या काढता येते. पण ही माहिती साधारण तीस मीटरच्या चौकोनांची असते, त्यात वडाचे झाड आणि बंधाऱ्याकडेची निलगिरी दिसत नाही. पाच किलोमीटरच्या दुव्याला रेषेच्या मध्यावर सगळीकडून सुमारे आठ मीटर मोकळीक असावी. म्हणून शेवटी टेकडीवर माणूस चढलाच पाहिजे. दिवसा आरसा चमकवा, रात्री विजेरी दाखवा. पलीकडून दिसली तर दुवा जमण्यासारखा.

हे जमते का, असे विचारणाऱ्यांना दूर जायला नको. पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या परिसरात मुंबई आयआयटीच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या पथकाने टेलिव्हिजनसाठी राखलेल्या, पण वापरात नसलेल्या लहरींवरून झाडीपलीकडच्या गावांना इंटरनेट दिले. ‘ग्राममार्ग’ या त्या कामाला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. स्पेनमधल्या कॅटलोनियात २००४ मध्ये कंपन्या खेड्यात येईनात म्हणून गावकऱ्यांनी ‘गुईफी’ नावाचे जाळे स्वतः उभारले. त्याच्या मुळाशी सर्वांना खुला असा नकाशा आहे. नवा माणूस आपले घर नकाशावर टाकतो आणि कोणत्या शेजाऱ्याच्या छपराकडून जोडणी मिळेल हे पाहतो. या जाळ्यात आज तीस हजारांहून अधिक ठाणी आहेत.

आम्हाला जास्त जवळचे वाटते ते इंग्लंडच्या उत्तरेकडील लँकशायरचे उदाहरण, कारण ते शेतकऱ्यांचे आहे. विखुरलेल्या वाड्यांना फायबर देणे परवडत नाही, असे तिथेही सांगितले जात होते. २०११ मध्ये लोकांनी ‘बी-फोर-आर-एन’ नावाची स्वतःची संस्था नोंदवली, शेअर विकून भांडवल उभे केले. रस्ता खणणे महाग, म्हणून चर शेतातून काढायचे ठरले. प्रत्येक परगण्यातल्या स्वयंसेवकांनी घर कुठे, बांध कुणाचा, ओढा कुठे ओलांडायचा याचा नकाशा केला आणि बांधावर जाऊन मालकाशी बोलणी केली. शेतकऱ्यांनी वाट फुकट दिली, अनेकांनी आपल्या यंत्रांनी चर खणले. एका सेकंदाला एक गिगाबिट असा वेग सुरुवातीला महिना ३० पौंडात मिळू लागला. तेवढा वेग तेव्हा तिथल्या शहरांनाही सहसा नव्हता. आज दहा हजारांवर घरे या जाळ्यात आहेत. वाट फुकट का दिली? तार आपल्या मालकीची होती म्हणून. तीच वाट एखाद्या बाहेरच्या कंपनीने मागितली असती तर प्रत्येकाने भाडे मागितले असते, आणि ते योग्यच ठरले असते.

हा मुद्दा आपल्याकडे कळीचा आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने शेतातून तार नेण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे खासगी जमिनीतून जायचे तर मालकाशी बोलणी करून करार करायचा आहे. पण करार जमला नाही आणि सरकारला सार्वजनिक हिताचे वाटले तर निर्णय सरकार देऊ शकते. वाटेचा नियम २०२४ मध्ये नव्याने झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. टॉवर, खांब, चर येणारच आहेत. प्रश्न एवढाच की कंपनीचा माणूस तयार आराखडा घेऊन एकट्या शेतकऱ्याच्या दारात येणार, की सारे गाव आपला नकाशा समोर ठेवून ‘या बांधाने या, या विहिरीपासून लांब जा, एवढे भाडे द्या आणि खालच्या वस्तीला जोडणी द्या’ असे सांगणार. नकाशा ज्याच्या हातात, बोलीची पहिली पायरी त्याच्या हातात.

पैशाविषयी संकोच बाळगायचे कारण नाही. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे पाच टक्के ग्रामीण सेवेच्या निधीत जमा होतात. त्यालाच आता डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपनी ते खिशातून देत नाही, आपल्या रिचार्जमधून देते. वस्तीसाठी त्यातला वाटा मागणे ही भीक नव्हे. आणि निधी येईपर्यंत हात बांधून बसायचेही कारण नाही. २०१८ पासून ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा मोठा पट्टा घराबाहेर वापरायला परवान्यातून मोकळा आहे. टेकडीवरून वस्तीपर्यंतचा दुवा त्यावर जमतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदार, दूध संस्था, बचत गट असा कुणीही परवान्याशिवाय आणि नोंदणीशिवाय वायफाय विकू शकतो. मूळ जोडणी तेवढी परवानाधारकाकडून घ्यावी लागते. सरकारने एवढा दरवाजा उघडला आहे. गावाला स्वतःचे जाळे सुखाने चालवता यावे इतका तो उघडावा, ही आपली मागणी राहील. उपग्रहावरून इंटरनेट येणार, मग खटाटोप कशाला, असेही काही म्हणतात. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला हे खरे. डोंगरापलीकडच्या शेवटच्या पाड्याला त्याचा उपयोग होईल. पण त्यासाठीही कोणता पाडा शेवटचा हे नकाशाच सांगणार.

एक सावधगिरी. नकाशा दुधारी असतो. साऱ्यासाठी काढलेला नकाशा पुढे जमिनी घेताना कामी आला, हे विसरू नये. म्हणून नकाशाची मूळ प्रत गावाकडे राहावी. विहिरी, मोटारी, कुणाच्या घरात किती फोन असली माहिती कुटुंबाच्या नावानिशी बाहेर देऊ नये. वस्तीची बेरीज पुरते. कुणाला आपल्या शेतातले काही दाखवायचे नसेल तर त्याच्यावर जबरदस्ती नको. कंपनीला प्रत द्यायची तर ग्रामसभेच्या ठरावाने, बदल्यात काय मिळणार ते लिहून घेऊन. फायबर कुठून गेली हे मात्र सर्वांना माहीत असावे. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी एका फटक्यात अनेक गावांचे इंटरनेट तोडतो. खणण्याआधी विचारण्यासाठी सरकारने मार्च २०२३ मध्ये ॲप काढले, पण ठेकेदाराला अडवणारा माणूस गावातच लागतो.

आता कामाचे. पुढच्या जिल्हा बैठकीपर्यंत प्रत्येक तालुक्याने तीन गावे घ्यावीत: एक सपाटीवरचे, एक डोंगरातले, एक वस्त्यांत विखुरलेले. प्रत्येक गावात कॉलेजातली दोन मुले आणि दोन मुली यांना मोजणीचे काम द्यावे. मुलींना मुद्दाम घ्यावे, कारण दिवसभर वस्तीवर कोण असते आणि फोन कुणाला लागत नाही हे त्यांना जास्त ठाऊक असते. मोजणी झाली की नकाशा पारावर लावावा, चुका लोकांकडून दुरुस्त करून घ्याव्यात, ग्रामसभेचा ठराव करावा. जिल्हा बैठकीत नकाशे शेजारी शेजारी मांडले की कोणत्या टेकडीवर एक टॉवर बसला तर तीन गावांच्या किती वस्त्या उजेडात येतात ते दिसेल. तो कागद घेऊन आपण कंपनीकडे जाऊ, बीएसएनएलकडे जाऊ, जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. आणि कुणीच ऐकले नाही तर शेअर गोळा करून आपली तार आपण टाकण्याचा हिशेब त्याच कागदावर मांडू.

शेतमालाचा उत्पादन खर्च सरकारने सांगितला तो आपण मानला नाही; बांधावर बसून स्वतः काढला, तेव्हा चळवळीच्या बोलण्याला वजन आले. रेंजच्या बाबतीतही सरकारी ठिपका मानण्याचे कारण नाही. बैठकीला येताना या वेळी निवेदन आणू नका, नकाशा आणा.